पहिला दिवस औंढ्याचा

“आजोबा, सुरुवात कुठून करायची?”

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. औंढा नागनाथच्या बसस्टँडवर आम्ही उतरलो, कपड्यांवरची धूळ झटकली आणि अकरा वर्षांच्या नातवाने हा प्रश्न केला. हातात वही, वहीत खोचलेली पेन्सिल, पाठीवर पाण्याच्या बाटलीची पिशवी. मी हिंगोलीत जन्मलो आणि हिंगोलीतच मास्तरकी करून निवृत्त झालो. औंढ्याला आजवर किती वेळा आलो असेन, याचा हिशेब नाही. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, मुलीचे लग्न ठरले तेव्हा, माझे ऑपरेशन झाले तेव्हा. परंतु औंढा पाहायला सुरुवात कुठून करायची, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. मीही स्वतःला कधी विचारले नव्हते.

आमच्याकडे त्याची पद्धत ठरलेली. एस.टी.तून उतरायचे, बेल-फूल-नारळ घ्यायचे, रांगेत उभे राहायचे, खाली उतरून पिंडीवर हात ठेवायचा, वर येऊन प्रसाद घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची. गर्दी नसली तर सगळे तासाभरात आटोपते. ‘औंढ्याला जाऊन आलो’ असे आपण म्हणतो. ‘औंढा पाहून आलो’ असे म्हणणारा माणूस निदान मला तरी अजून भेटलेला नाही.

हा नातू म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचा मुलगा. दादा डॉक्टर होते. १९७४ साली ते इंग्लंडला गेले आणि उत्तरेकडच्या यॉर्क या जुन्या गावी स्थायिक झाले. नातवाला औंढा आपण स्वतः दाखवायचे, असे ते फोनवर दर वेळी म्हणत. ‘पुढच्या डिसेंबरात’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. मागच्या वर्षी दादा गेले. मग पुतणीच मुलाला घेऊन आली आणि दादांच्या वाटचे हे काम माझ्याकडे आले.

आता वाचक म्हणतील, यात अवघड काय? गावचाच माणूस, गावचेच देऊळ. अवघड का होते, ते सांगण्यासाठी मला आधी यॉर्कची गोष्ट सांगावी लागेल.

यॉर्कचा पहिला दिवस

२०११ साली मी दादांकडे दोन महिने राहिलो होतो. पहिल्याच सकाळी चहा घेऊन मी गाडीत बसायच्या तयारीने बूट घालून उभा राहिलो, तर दादा म्हणाले, “आज गाडी काढायची नाही. पहिल्या दिवशी गाव पायांनी पाहायचे असते.”

ते मला एका चौकात घेऊन गेले. तिथे पिकल्या केसांच्या एक बाई छातीवर बिल्ला लावून उभ्या होत्या. भोवती पंधरा-वीस प्रवासी जमले होते. बाईंनी सगळ्यांना दोन तास गावभर हिंडवले. मी मनातून धास्तावलेलो. शेवटी या किती पैसे मागणार, म्हणून खिशात हात घालून नोटा चाचपडत होतो. दादांनी माझा हात धरला. हे लोक एक पैसा घेत नाहीत. खुशीने दिलेली बक्षिसीसुद्धा घेत नाहीत. १९५१ पासून यॉर्कमधली हौशी मंडळी हे काम फुकट करीत आली आहेत. आपले गाव परक्याला नीट कळावे, एवढीच त्यांची हौस.

त्या दोन तासांत मला कळले ते असे. यॉर्क वसवले रोमन फौजांनी, इसवी सन ७१ मध्ये. पुढे ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून प्रथम पुकारले ते इथेच. ८६६ साली व्हायकिंगांनी गाव घेतले. त्यांच्या भाषेतला रस्त्याचा शब्द तिथे इतका रुजला, की आजही यॉर्कमध्ये रस्त्याला ‘गेट’ म्हणतात आणि वेशीला मात्र ‘बार’. हे ऐकून सगळे हसले, आणि दारू मिळण्याचे ठिकाण कोणते, असा प्रश्न कोणीतरी केलाच! गावाभोवतीचा जुना तट तीन किलोमीटरहून अधिक अजून उभा आहे आणि त्यावरून कोणालाही फुकट चालता येते. मधोमध मिन्स्टर नावाचे प्रचंड चर्च आहे. आजच्या इमारतीचे काम १२२० च्या सुमारास सुरू झाले आणि १४७२ साली संपले. म्हणजे अडीचशे वर्षे. पणजोबाने रचलेल्या थरावर पणतूने थर चढवायचा, असा तो हिशेब.

या चर्चच्या एका भागाला ९ जुलै १९८४ च्या पहाटे आग लागली आणि छत कोसळले. चार वर्षांत ते पुन्हा बांधले. नव्या छतावरच्या काही लाकडी नक्षीगाठींचे नमुने शाळकरी मुलांच्या स्पर्धेतून निवडले. त्यात चंद्रावर उतरलेला माणूससुद्धा आहे. सातशे वर्षांच्या देवळात चंद्रावरचा माणूस! बाईंनी तो मान वर करून मोठ्या कौतुकाने दाखवला.

आणि एक गोष्ट त्यांनी आवाज न चढवता, पण काही न लपवता सांगितली. टेकाडावरच्या गोल बुरुजाच्या जागी ११९० साली एक लाकडी गढी होती. तिथे आसऱ्याला गेलेल्या सुमारे दीडशे ज्यूंना गावच्या जमावाने वेढले. कित्येकांनी स्वतःच्या हाताने जीव दिला, गढी पेटली, उरलेले मारले गेले. स्वतःच्या गावाचे हे काळे पान पाहुण्याला पहिल्याच दिवशी वाचून दाखवायचे, याला काय म्हणावे, ते मला तेव्हा सुचले नाही.

संध्याकाळी तटावर बसलो असताना दादांनी विचारले, “आपल्या औंढ्याच्या भिंतीवर काय काय कोरले आहे, सांग बरे.”

मी म्हणालो, “देवादिक.”

“कोणते?”

मी गप्प. दादा हसले. “तू मास्तर ना? मलाही येत नाही. आईच्या कडेवरून पाहिले तेवढेच. एकदा येतो, मग दोघे मिळून पाहू.”

ते पाहणे राहून गेले.

आधी भिंत, मग दर्शन

म्हणून औंढ्याच्या स्टँडवर नातवाचा प्रश्न आला, तेव्हा मी ठरवून टाकले. म्हणालो, “सुरुवात बाहेरून करू. देवळाला चहूबाजूंनी फिरू. दर्शन नंतर.”

पुतणी चमकली. “काका, आधी दर्शन नको का?”

“नागनाथ कुठे पळून जात नाही,” मी म्हणालो. हे वाक्य औंढ्यात बोलू नये, हे पुढे तासाभरात माझ्या लक्षात आले. ते कसे, ते पुढे सांगतो.

औंढा भोवतालच्या डोंगरांच्या ओंजळीत बसले आहे. हिंगोलीहून पंचवीस-तीस किलोमीटर. १९९९ सालच्या महाराष्ट्रदिनी परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला, तेव्हा हा भाग नव्या जिल्ह्यात आला. गाव लहान, देऊळ मोठे. आवारात शिरले की समोर काळ्या दगडाचा तो अवाढव्य पसारा उभा राहतो. सरळ भिंत अशी नाहीच. भिंत पुढे येते, आत जाते, पुन्हा पुढे येते. कोनाकोनांची घडी घातल्यासारखी. त्या प्रत्येक घडीत सावली आणि प्रत्येक सावलीत कोणी ना कोणी उभे.

या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित याच्या नावावरून हा शब्द आला. दगडांना अशा खाचा नि कंगोरे पाडायचे, की चुन्याशिवाय एकात एक बसून भिंत आपल्याच वजनावर उभी राहावी. देऊळ यादवकाळातले मानले जाते. लोक मात्र ते त्याहून कितीतरी मागे नेतात. वनवासात पांडव इकडे आले आणि धर्मराजाने देऊळ बांधले, असे आमच्या आजीने सांगितले होते. मी दोन्ही गोष्टी नातवाला सांगितल्या. तेराव्या शतकाचे नाव निघताच तो म्हणाला, “म्हणजे मिन्स्टर चालू होते तेव्हा!”

खरेच की. मला हे कधी सुचले नव्हते. इकडे औंढ्याचे पाथरवट काळ्या दगडावर छिन्नी चालवत होते, तेव्हा तिकडे यॉर्कचे पाथरवट फिक्या दगडावर चालवत होते. एकमेकांचा पत्ता नाही, पण हाताला घट्टे सारखेच पडत असणार.

खालून वर पाहत गेलो. तळाशी कंगोऱ्यांचे थर, मग प्राणी, त्यावर माणसे आणि माणसांच्या वर देव. नातू हत्ती मोजायला लागला. कोपरा वळला की हिशेब चुकायचा, की पुन्हा पहिल्यापासून. त्याची पेन्सिल चालली होती आणि तोंडही चालले होते.

“ही कोण?”

“देवी.”

“कोणती?”

“बहुतेक... पार्वती.”

“हिच्या हातात काय होते? मोडले कसे?”

चौतीस वर्षांची मास्तरकी चार प्रश्नांत संपली. एक शिल्प तेवढे मला बिनचूक सांगता आले. दहा तोंडांचा रावण कैलास उचलतो आहे आणि वर शंकर-पार्वती बसले आहेत. तेही वेरूळला सहल नेली होती म्हणून!

औंढ्याला रुसलेल्या पार्वतीचे एक शिल्प आहे आणि शंकर तिची समजूत काढतो आहे, एवढे मी ऐकून होतो. ते काही केल्या सापडेना. आम्ही पुढे-मागे करतो आहोत, हे बेलफुलांच्या टोपलीपाशी बसलेली एक म्हातारी केव्हापासून पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही.

“काय हुडकू लालाव मास्तर? रुसलेली पार्वती ना? चला, दाखवते.”

टोपली शेजारणीच्या हवाली करून ती उठली आणि आम्हाला नेमके त्या शिल्पासमोर नेऊन उभे केले. पार्वती बसली आहे ती रागात, आणि एवढा त्रैलोक्याचा धनी, पण कसा हळू आवाजात बोलत असेल, ते दगडात दिसते. पुतणी हसायला लागली. म्हातारी म्हणाली, “आमची माय दाखवायची लहानपणी. जत्रंत हरवलीस तर हितं येऊन उभी राहा, म्हणायची. मी लेकरांना तसंच सांगितलं.”

तिला हेमाद्री माहीत नव्हता, यादव माहीत नव्हते. पण त्या भिंतीवरची एक जागा तिच्या घरात तीन पिढ्या वापरात होती. मला सगळे सनसनावळीचे माहीत, आणि भिंत माहीत नाही.

सांधा

फेरी पुरी होत आली तेव्हा नातू चार पावले मागे सरकला, वर पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, वरचे देऊळ वेगळे आहे.”

आपण सगळेच ते पाहतो, पण आपल्याला ते दिसत नाही. खालचे अर्धे देऊळ काळ्या दगडाचे, कोरीव, भारदस्त. वरचा भाग विटा-चुन्याचा, सपाट, कितीतरी अलीकडचा. कोणी अंगरखा एका कापडाचा शिवावा आणि बाह्या दुसऱ्या कापडाच्या लावाव्यात, तसे. मधे सरळ सांधा दिसतो.

मुलाने विचारले, “मोडले कोणी?”

मी यॉर्कच्या बाईंना आठवले आणि सांगितले. हे देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडले गेले, असे इकडे परंपरेने सांगतात. पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला, असेही परंपराच सांगते. अठराव्या शतकातल्या या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत किती देवळे, घाट आणि विहिरी बांधल्या, त्याची यादी मोठी आहे. “त्यांना खालच्यासारखे कोरता आले नाही का?” या प्रश्नाला मी म्हणालो, की कोरणाऱ्यांची परंपराच मधे तुटली होती. पाचशे वर्षांनी ते हात आणायचे कुठून? पण देव उघड्यावर राहू नये, म्हणून ज्याला जे येत होते, ते त्याने बांधले.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने वहीत देवळाचे चित्र काढले, आणि मधोमध जाड रेघ ओढून ठेवली.

मला लहानपणापासून तो वरचा भाग खालच्याच्या मानाने ओबडधोबड वाटे. त्या दिवशी प्रथमच वाटले, की या सांध्यापाशी दोन काळांची माणसे एकमेकांना भेटली आहेत. एकाने मोडलेले दुसऱ्याने सांभाळून घेतले, एवढे त्यात स्पष्ट वाचता येते.

देऊळ फिरले

आता नागनाथ पळून जात नाही, या माझ्या वाक्याची गोष्ट.

आवारात हिंडताना नातवाने विचारले, “नंदी कुठे आहे?” महादेवासमोर नंदी असतो, हे त्याला दादांनी शिकवलेले. इथे तो समोर नाही. त्याचे वेगळे ठिकाण आहे. आणि का नाही, हेही पोराला ठाऊक होते! त्याच्या तुटक्या मराठीत त्यानेच आम्हाला सांगितले. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांना ते खपले नाही. जातीने शिंपी, इथे अडचण करू नकोस, मागे जाऊन काय गायचे ते गा, असे सांगून त्यांना उठवले. नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. नंदी राहिला जिथल्या तिथे.

“म्हणजे हा पळतो,” पुतणी माझ्याकडे पाहून म्हणाली.

ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मी मास्तराच्या सवयीने नातवाला सांगितले. पण नामदेव इतिहासातले आहेत. १२७० सालचा जन्म, १३५० साली देहावसान. हिंगोलीजवळचे कयाधूकाठचे नरसी हे त्यांचे गाव. त्यांच्या ऐन तारुण्यात, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. राज्ये बुडत असताना हा माणूस गात गात पंजाबात पोचला. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते पंजाबातल्या घुमानला, नामदेवांच्या नावाने गेली कित्येक शतके पवित्र मानलेल्या गावात. नरसीलाही गुरुद्वारा आहे.

औंढ्याचीच दुसरी कथा विसोबा खेचरांची. हे नामदेवांचे गुरू. नामदेव त्यांना भेटायला आले, तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निवांत निजलेला. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, बाबा, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही.

या दोन्ही गोष्टी मी शाळेत किती वर्षे शिकवल्या असतील. देवळाच्या मागच्या अंगाला उभे राहून मात्र कधी सांगितल्या नव्हत्या. तिथे उभे राहिले की कळते, की ‘मागे जा’ या दोन शब्दांत किती अपमान आहे. समोरची जागा ज्याला नाकारली, त्याच्या बाजूने गावाने सातशे वर्षे ही कथा सांगितली. यॉर्कच्या बाईंनी गावाचे काळे पान लपवले नाही, याचे मला नवल वाटले होते. आपल्या लोकांनीही ते लपवलेले नाही. त्यांनी त्याची कथा केली, आणि कथेत न्याय करून टाकला.

खाली, अंधारात

मग दर्शन. औंढ्याचे दर्शन म्हणजे चढायचे नाही, उतरायचे. सभामंडपातून उभ्या, अरुंद पायऱ्यांनी भुयारासारखे खाली जावे लागते. खाली ताठ उभे राहता येत नाही, एवढे छत ठेंगणे. दिव्याचा उजेड, बेलाचा नि ओल्या दगडाचा वास, दाटीवाटीने बसलेली माणसे. राजा असो की शेतमजूर, वाकल्याशिवाय जाता येत नाही.

नातू पहिल्या पायरीवर घाबरला. “मी वर थांबतो” म्हणाला. पुतणीने त्याचा हात धरला आणि सांगितले, “तुझे आजोबा चार वर्षांचे असताना इथे उतरताना रडले होते. तेच सांगायचे मला.” मग तो उतरला. खाली गेल्यावर पुतणीने पिंडीवर बेल वाहिला आणि पुष्कळ वेळ हात तिथेच ठेवला. मागून ‘चला, चला’ असे कोणी म्हटले नाही. त्या दिवशी गर्दी कमी होती, एवढेच त्याचे कारण असेल.

वर आल्यावर मुलाने वही काढली. “बारा ज्योतिर्लिंगांतले हे आठवे ना? पण मी वाचले, की ते गुजरातमध्ये द्वारकेजवळ आहे.” मी म्हणालो, काही जण ते उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या जागेश्वरलाही सांगतात. ‘दारुकावन’ कोणते, यावर हा वाद आहे. आमचे विचारशील तर ते इथे आहे! आवारातच बारा ज्योतिर्लिंगांची लहान लहान देवळे आहेत. त्याने ती बारा नीट मोजली. हत्तींसारखा हिशेब इथे चुकला नाही.

शेवटी पायऱ्यांची बारव पाहिली. तिला सासू-सुनेची बारव म्हणतात. नाव ऐकून पुतणीने “यांचे पटत नव्हते का?” असे विचारले. मी ते सासरच्या माणसांना विचारायला सांगितले.

दुपारी एका साध्या खानावळीत पिठले-भाकरी नि ठेचा खाल्ला. पोराने ठेच्याला हात लावला आणि अर्धी बाटली पाणी प्यायला. बाहेर उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेतल्या. तिथेच बाकावर बसून त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. याच तालुक्यात, दुधाळ्याच्या परिसरात, ‘लायगो इंडिया’ची वेधशाळा होणार आहे. अवकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणारी. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याचा तो हुंकार. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

पोराचे डोळे मोठे झाले. “औंढ्यात?”

“औंढ्यात.”

सातशे वर्षांच्या चर्चच्या छतावर चंद्रावरचा माणूस पाहून मी जसा थबकलो होतो, तसा तो थबकला. संध्याकाळी आम्ही हिंगोलीला परतलो. नरसी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले. पहिल्या दिवशी एकच गाव आणि तेही पायी, हा दादांचा नेम मोडायचा नव्हता.

पुढचे रविवार

पाहुणे गेले. वहीच्या पानांची झेरॉक्स मी काढून ठेवली होती. ती मधली जाड रेघ पाहिली की मला स्वस्थ बसवेना. औंढ्याला रोज येणाऱ्यांत लहान मुले किती असतात! रांगेत कंटाळलेली, आईचा पदर ओढणारी. त्यांना भिंतीवरचे हत्ती मोजायला लावायला काय लागते? सरकारचा हुकूम लागत नाही की पैसा लागत नाही. वेळ असलेला एक रिकामा माणूस लागतो, आणि तो आमच्या घरात आहे, असे आमच्या सौभाग्यवतींनी लगेच सांगितले.

म्हणून मी आधी वाचन केले. हिंगोलीतल्या ग्रंथालयातून देवळांवरची पुस्तके आणली. कोणत्या कोनाड्यात कोण, याची टिपणे केली. न ओळखता येणाऱ्या मूर्तींपुढे प्रश्नचिन्ह ठेवले. ती प्रश्नचिन्हे अजून पुष्कळ आहेत. आणि एका रविवारी सकाळी औंढ्याला जाऊन दारापाशी उभा राहिलो.

पहिल्या रविवारी कोणी थांबले नाही. “पूजेचे किती घेता?” असे मात्र तिघांनी विचारले. दुसऱ्या रविवारी एका गृहस्थांनी “फुकट? मग पुढे काय विकायचे आहे?” असे विचारले. यॉर्कमध्ये मीच खिसा चाचपडत होतो, ते आठवून मला हसू आले. रागावणार कोणत्या तोंडाने?

तिसऱ्या रविवारी वाशीमकडचे एक कुटुंब थांबले. नवरा-बायको, आजी आणि दोन मुले. रांग लांब होती. आजी म्हणाल्या, “मी नंबर धरते, तुम्ही पोरांना घेऊन फिरून या.” मी घसा साफ केला, टिपणांची वही उघडली आणि मुलांना विचारले, “सांगा, सुरुवात कुठून करायची?”

मुले माझ्याकडे पाहत नव्हतीच. ती धावत कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. बेलफुलांची म्हातारी टोपली सोडून उठली होती, आणि मी पोचेपर्यंत तिने त्यांना रुसलेली पार्वती दाखवून टाकली होती.